घरी असणे आणि सोबत असणे

घरून काम करणारी मुले-सुना आणि घरातील ज्येष्ठ यांच्या दिनक्रमाची सांगड कशी घालावी?

सकाळी साडेनऊच्या सुमारास आपल्या शहरांतील अनेक घरांत एक दार बंद होते. पूर्वी हे दार बाहेरचे असे. डबा, छत्री आणि किल्ल्या घेऊन मुलगा किंवा सून घराबाहेर पडे आणि संध्याकाळपर्यंत घर ज्येष्ठांच्या ताब्यात राही. आता बंद होते ते आतल्या खोलीचे दार. त्यामागे लॅपटॉप उघडतो, कानांवर हेडफोन चढतात आणि जवळची व्यक्ती दहा पावलांवर असूनही दिवसभरासाठी दूर जाते.

वाचकहो, आपल्यापैकी काही जण या दाराच्या बाहेर बसलेले असतील, तर काही जण आत. बाहेरच्याला वाटते, ‘घरीच तर आहे, मग दोन शब्द बोलायला काय हरकत आहे?’ आतल्याला वाटते, ‘मी घरी आहे हे खरे, पण मी कामावर आहे हे कोणाला कसे समजावू?’ दोघांचेही म्हणणे खरे आहे. घरून काम करण्याची सवलत मिळाल्यामुळे वृद्ध आईवडिलांची देखभाल सोपी होईल, अशी अपेक्षा अनेक कुटुंबांनी केली आणि काही अंशी ती पूर्णही झाली. मात्र वेळेची मोकळीक हाती आली, तरी त्या मोकळिकीच्या सीमा आखल्या नाहीत, तर कामही दिवसभर पसरते आणि शुश्रूषाही. शेवटी दोन्हींपैकी एकही समाधानाने होत नाही. या लेखाचा विषय या सीमा आखण्याचा आहे.

एका जुन्या कल्पनेचे नवे रूप

घरून काम करण्याची कल्पना २०२० च्या टाळेबंदीत जन्मली, असा समज आहे. वस्तुतः ती पन्नास वर्षे जुनी आहे. अमेरिकेतील जॅक नाइल्स यांनी १९७३ मध्ये ‘टेलिकम्युटिंग’ हा शब्द रूढ केला. कर्मचाऱ्याला रोज कामापर्यंत नेण्याऐवजी काम दूरसंचाराच्या तारांवरून त्याच्यापर्यंत न्यावे, हा त्यामागील विचार होता. त्याच वर्षी उद्भवलेल्या तेलसंकटामुळे प्रवासातील इंधन वाचवण्याच्या दृष्टीनेही या कल्पनेकडे पाहिले गेले. घरातील वृद्धांचा विचार तेव्हा फारसा कोणाच्या मनात नव्हता.

पुढे या पद्धतीची पद्धतशीर परीक्षा झाली. स्टॅनफर्ड विद्यापीठातील अर्थशास्त्रज्ञ निकोलस ब्लूम आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी चीनमधील एका मोठ्या प्रवास कंपनीत २०१० च्या अखेरीपासून नऊ महिने प्रयोग केला. दूरध्वनीवर ग्राहकसेवा देणाऱ्या काही कर्मचाऱ्यांना आठवड्यातून चार दिवस घरून काम करू दिले. त्यांचे काम १३ टक्क्यांनी वाढले आणि नोकरी सोडून जाणाऱ्यांचे प्रमाण निम्म्यावर आले. आपल्या दृष्टीने अधिक महत्त्वाची गोष्ट त्यानंतर घडली. प्रयोग संपल्यावर पुढे कुठून काम करायचे, याची निवड खुली केली, तेव्हा घरून काम करणाऱ्यांपैकी सुमारे निम्म्यांनी कार्यालयात परतणे पसंत केले. प्रवासाचा वेळ आणि पैसा वाचत असूनही ते परतले, आणि यामागील एक प्रमुख कारण होते एकटेपणा.

त्याच कंपनीतील सोळाशेहून अधिक कर्मचाऱ्यांचा दुसरा अभ्यास २०२४ मध्ये प्रसिद्ध झाला. आठवड्यातून दोन दिवस घरून आणि उरलेले दिवस कार्यालयात, अशी मिश्र पद्धत त्यात होती. कामाच्या दर्जात फरक पडला नाही आणि नोकरी सोडणाऱ्यांचे प्रमाण एक तृतीयांशाने घटले. माणसाला घराची सोय हवी असते आणि सहकाऱ्यांचा सहवासही हवा असतो, असा या दोन अभ्यासांचा एकत्रित अर्थ लावता येईल.

दाराबाहेर बसलेल्या ज्येष्ठांनी हा धागा मनात ठेवावा. आपण स्वतः बँकेत, शाळेत, गिरणीत किंवा एसटीत तीस-पस्तीस वर्षे काढली असतील, तर अकरा वाजताच्या चहाचे मोल आपल्याला ठाऊक आहे. एकमेकांच्या डब्यातील भाजी, लोकलमधला ठरलेला डबा, साहेबांच्या स्वभावाविषयीची कुजबुज, या साऱ्याने नोकरीचा भार हलका केला होता. आपल्या मुलीला किंवा सुनेला आज यातले फारसे काही मिळत नाही. आतल्या खोलीत एकटेपणा असू शकतो आणि बाहेरच्या खोलीतही. एकाच छताखाली दोन एकटेपणे शेजारी शेजारी बसलेले असतात आणि त्यांची परस्परांशी ओळख होत नाही.

न मागितलेले पाणी

घरातील कोणी ‘कामात’ आहे हे पाहून अनेक ज्येष्ठ आपल्या गरजा गिळतात. हा समजूतदारपणा स्तुत्य वाटला, तरी प्रकृतीला तो महागात पडतो. स्वच्छतागृहात जाण्यासाठी आधार लागतो. पण मुलाची मीटिंग चालू आहे, म्हणून आजी पाणीच कमी पितात. त्यातून बद्धकोष्ठता, मूत्रमार्गाचा संसर्ग आणि उठताना चक्कर येणे असे त्रास उद्भवू शकतात. आजोबा कोणाला हाक न मारता ओल्या फरशीवर एकटेच जातात आणि पडतात. दुखणे संध्याकाळपर्यंत सांगायचे राहते. संध्याकाळी मुलगा थकलेला दिसतो, म्हणून ते उद्यावर जाते.

दुसऱ्या बाजूला, शुश्रूषा करणाऱ्याचे लक्ष सतत दुभंगलेले असते. एक कान बैठकीकडे आणि दुसरा आईच्या खोकल्याकडे. अशा अवस्थेत औषधाची मात्रा चुकणे, तीच गोळी दोनदा देणे किंवा द्यायची राहून जाणे सहज घडते. दिवसा शुश्रूषेसाठी गेलेला तास रात्री भरून काढायचा, हा क्रम रूढ झाला, की झोपेवर घाला येतो. जागतिक आरोग्य संघटना आणि आंतरराष्ट्रीय श्रम संघटना यांनी २०२१ मध्ये केलेल्या संयुक्त विश्लेषणानुसार, आठवड्याला ३५ ते ४० तास काम करणाऱ्यांच्या तुलनेत ५५ किंवा त्याहून अधिक तास काम करणाऱ्यांत पक्षाघाताचा धोका सुमारे ३५ टक्क्यांनी आणि हृदयविकाराने मृत्यू येण्याचा धोका सुमारे १७ टक्क्यांनी अधिक असतो. हा हिशेब केवळ पगारी कामाचा आहे. शुश्रूषेचे तास कोणत्याही हजेरीपटावर नोंदले जात नाहीत. शरीर मात्र ते मोजत असते.

म्हणून पहिली पायरी अगदी साधी आहे. सकाळी दार बंद होण्यापूर्वी पाण्याची भरलेली बाटली किंवा तांब्या ज्येष्ठांच्या हाताशी ठेवावा. दुपारपर्यंत ते पाणी संपले पाहिजे, अशी खूणगाठ दोघांनी बांधावी. हृदयविकार किंवा मूत्रपिंडाच्या विकारामुळे पाण्यावर मर्यादा असेल, तर ती मात्रा डॉक्टरांना विचारूनच ठरवावी. औषधांसाठी सात दिवसांच्या कप्प्यांची डबी वापरावी आणि ती आठवड्यातून एकदा, शांत वेळी, लॅपटॉप बंद असताना भरावी. गोळी घेतली की नाही, हे कप्पा पाहून कळते. स्मरणशक्तीवर भिस्त ठेवावी लागत नाही.

घड्याळ तिकडे बदलते, जेवण इकडे लांबते

पुणे, मुंबई, नागपूर या शहरांतील कित्येक जण परदेशी कंपन्यांसाठी किंवा परदेशातील सहकाऱ्यांबरोबर काम करतात. अशा घरांत एक गोष्ट वर्षातून दोनदा घडते आणि तिचे कारण अनेक ज्येष्ठांना कोणी सांगितलेले नसते. अमेरिकेतील बहुतांश भागात मार्चच्या दुसऱ्या रविवारी घड्याळे एक तास पुढे नेतात आणि नोव्हेंबरच्या पहिल्या रविवारी ती पुन्हा मागे आणतात. आपले घड्याळ वर्षभर तेच राहते. परिणामी, न्यूयॉर्कमधील सकाळी नऊची बैठक उन्हाळ्यात आपल्याकडे सायंकाळी साडेसहाला असते, तर हिवाळ्यात साडेसात वाजता. लंडनचे सकाळचे नऊ उन्हाळ्यात आपले दुपारचे दीड असतात, तर हिवाळ्यात अडीच. तेथे हा बदल मार्च आणि ऑक्टोबर या महिन्यांच्या शेवटच्या रविवारी होतो.

एका तासाने काय बिघडते, असे तरुणांना वाटेल. जेवणाशी जोडलेले इन्सुलिन घेणाऱ्या मधुमेही व्यक्तीचे मात्र बरेच काही बिघडू शकते. इन्सुलिन साडेसातला टोचले आणि ‘दहा मिनिटांत येतो’ म्हणून गेलेला मुलगा पाऊण तासाने आला, तर तोवर रक्तातील साखर धोकादायक पातळीपर्यंत उतरू शकते. घाम फुटणे, हातपाय थरथरणे, गोंधळल्यासारखे वाटणे ही तिची लक्षणे आहेत. अशा वेळी रुग्ण शुद्धीवर असेल आणि गिळू शकत असेल, तर त्वरित साखर किंवा ग्लुकोज द्यावे आणि मग डॉक्टरांशी बोलावे.

स्मृतिभ्रंश झालेल्या व्यक्तींच्या बाबतीतही संध्याकाळ ही नाजूक वेळ असते. दिवस मावळताना त्यांची अस्वस्थता वाढते. ‘मला घरी जायचे आहे’ असा ध्यास ते घेतात, दाराशी जातात, रडू लागतात. अमेरिकेची बैठक नेमकी याच वेळी सुरू होते. आतून ‘शांत बसा जरा’ असा त्रासलेला आवाज येतो, आणि भेदरलेल्या मनाला तो अधिकच भेदरवतो.

यावर उपाय आहे. मात्र तो नोव्हेंबरपूर्वीच योजावा लागतो. दिनदर्शिकेवर त्या दोन रविवारांवर खूण करा. घड्याळ बदलले, तरी ज्येष्ठांचे जेवण, औषध आणि झोप यांच्या वेळा हलणार नाहीत, हे आधी ठरवा. त्या वेळी जेवायला कोण वाढेल, संध्याकाळी दिवे लवकर कोण लावेल, कोण शेजारी बसेल, याची वाटणी घरात करा. वाटणी जमत नसेल, तर बैठकीची वेळ अर्धा तास पुढेमागे करता येईल का, हे सहकाऱ्यांना विचारा. पलीकडच्या माणसाला आपल्याकडच्या जेवणाच्या वेळेची कल्पना नसते. सांगितल्यावर अनेकदा ती व्यक्ती सहजपणे बदल करते.

कार्यालयाला काय सांगावे?

अनेक जण घरातील आजारपण कार्यालयापासून लपवतात. बढती हुकेल, ‘याचे लक्ष कामात नाही’ असा शिक्का बसेल, ही भीती अनाठायी म्हणता येत नाही. परंतु लपवण्याचीही किंमत असते. बैठकीतून अचानक उठून जाणारा, निरोपाला दोन तास उत्तर न देणारा माणूस सहकाऱ्यांना बेजबाबदार वाटतो, कारण त्यांना त्यामागील कारण माहीत नसते.

आजाराचा संपूर्ण इतिहास सांगण्याची आवश्यकता नाही. आईच्या किंवा वडिलांच्या प्रकृतीचे तपशील हा त्यांचा खासगी विषय आहे. ते उघड करण्यापूर्वी त्यांना विचारावे. कार्यालयाला हवी असते ती वेळांची निश्चिती. आपल्या वरिष्ठांना साधारण असे लिहून कळवता येईल: ‘आईच्या प्रकृतीमुळे सकाळी आठ ते साडेनऊ आणि सायंकाळी साडेसात ते साडेआठ या वेळेत मला तिच्याजवळ राहावे लागते. या दोन वेळा सोडून कामाच्या तासांत मी पूर्णपणे उपलब्ध असेन. तातडीचे काही असल्यास फोन करावा. मला अचानक उठावे लागले, तर चालू काम कोठवर आले आहे, हे मी रोज सायंकाळी लिहून ठेवीन. ही व्यवस्था तीन महिने करून पाहावी आणि मग तिचा पुन्हा विचार करावा, अशी विनंती आहे.’ या मजकुरात गयावया नाही आणि हट्टही नाही. आपण केव्हा नसू, यासोबत केव्हा नक्की असू, हेही त्यात आहे. विश्वास बसतो तो या दुसऱ्या भागामुळे.

कायद्याचे पाठबळ आपल्याकडे अद्याप तोकडे आहे. २०१७ मध्ये मातृत्व लाभ कायद्यात दुरुस्ती होऊन, कामाचे स्वरूप अनुकूल असल्यास प्रसूती रजेनंतर परस्परसंमतीने घरून काम करण्याची तरतूद झाली. ज्येष्ठांच्या चरितार्थाविषयीचा २००७ चा कायदा आईवडिलांच्या निर्वाहाची जबाबदारी मुलांवर टाकतो. परंतु ती पार पाडण्यासाठी मालकाने वेळेची सवलत द्यावी, असे त्यात म्हटलेले नाही. ब्रिटनमध्ये एप्रिल २०२४ पासून नोकरीच्या पहिल्या दिवसापासून लवचीक वेळांसाठी रीतसर अर्ज करता येतो आणि आप्तांच्या शुश्रूषेसाठी वर्षाला एक आठवड्याची बिनपगारी रजा मिळते. कामाच्या वेळेनंतर कार्यालयाशी संपर्क तोडण्याचा हक्क फ्रान्समध्ये २०१७ पासून कायद्याने मान्य झाला. आपल्याकडे याच विषयावरील खासगी विधेयक बारामतीच्या खासदार सुप्रिया सुळे यांनी २०१८ च्या अखेरीस लोकसभेत मांडले होते. त्याचे कायद्यात रूपांतर झाले नाही. म्हणूनच आज तरी आपला मुख्य आधार कंपनीचे धोरण आणि वरिष्ठांशी असलेला संवाद हाच आहे. जे ठरेल ते ई-मेलने लिहून घ्यावे. वरिष्ठ बदलले, तरी लेखी नोंद टिकते.

दूरच्या सहकाऱ्यांशी नाते

वेळा ठरल्या, तरी एक धोका उरतो. मायक्रोसॉफ्ट कंपनीच्या अमेरिकेतील ६१ हजारांहून अधिक कर्मचाऱ्यांच्या संपर्काचा अभ्यास २०२१ मध्ये प्रसिद्ध झाला. सर्वजण घरून काम करू लागल्यावर आपापल्या गटातील देवाणघेवाण टिकली. मात्र इतर विभागांतील लोकांशी असलेले सैल धागे विरळ झाले, असे त्यात दिसले. शुश्रूषा करणाऱ्याच्या बाबतीत हे धागे आणखी लवकर तुटतात, कारण उरलेला प्रत्येक क्षण घरासाठी असतो. मग दिवसभरात आजाराव्यतिरिक्त आणि कामाव्यतिरिक्त कोणाशी एक वाक्यही बोलणे होत नाही.

त्यामुळे संपर्कही वेळापत्रकात लिहावा लागतो. आठवड्यातून दोनदा एखाद्या सहकाऱ्याला, कामाचा विषय न काढता, दहा मिनिटे फोन करावा. हा फोन गच्चीत किंवा इमारतीच्या आवारात चालत चालत केला, तर पायही मोकळे होतात. शक्य असल्यास पंधरवड्यातून एक दिवस कार्यालयात जावे आणि त्या दिवसासाठी घरी दुसऱ्या व्यक्तीची सोय करावी. हा दिवस चैन आहे, असे समजून अपराधी वाटून घेऊ नये. आपल्या कंपनीत आईवडिलांची शुश्रूषा करणारे आणखी कोणी असतीलच. त्यांच्यापैकी दोघा-तिघांशी ओळख झाली, तरी आया कोठून मिळाली, विम्याचा दावा कसा केला, पाठीवरच्या जखमा कशा टाळल्या, अशी माहिती हाती येते आणि आपण एकटे नाही, हेही उमगते.

दाराबाहेरच्या ज्येष्ठांसाठी

आता थोडे आपल्याविषयी. मूल घरी आहे, म्हणून आपला बाहेरचा गोतावळा सोडू नका. ज्येष्ठ नागरिक संघ, विरंगुळा केंद्र, हास्यक्लब, भजनी मंडळ, बागेतील बाक, जे काही आपले होते ते चालू ठेवा. जागतिक आरोग्य संघटनेच्या आयोगाने २०२५ मध्ये प्रसिद्ध केलेल्या अहवालानुसार जगातील दर सहा व्यक्तींपैकी एक जण एकटेपणाने ग्रासलेला आहे. दिवसभर एकाच बंद दाराकडे पाहत बसणे, हा त्यावरचा उपाय नव्हे.

घरात एक बिनतारी घंटी बसवून घ्या. अशी घंटी बाजारात मिळते आणि तिचे बटण उशाशी किंवा स्वच्छतागृहाजवळ ठेवता येते. एकदा वाजली, तर ‘सवडीने ये’ आणि लागोपाठ तीनदा वाजली, तर ‘आत्ता ये’, असा संकेत ठरवा. ‘आत्ता ये’ यात पडणे, छातीत दुखणे, श्वास लागणे, तसेच चेहरा वाकडा होणे, हात उचलता न येणे किंवा बोलणे अडखळणे हे सारे येते. शेवटची तीन पक्षाघाताची लक्षणे आहेत. अशा वेळी कोणतीही बैठक महत्त्वाची नसते, हे मुलाकडून आधीच वदवून घ्या. रुग्णवाहिकेसाठी १०८ हा क्रमांक मोठ्या अक्षरांत भिंतीवर लावा.

शिताच्या कपाटावर किंवा भिंतीवर एक छोटी पाटी लावा आणि त्या दिवशीच्या मोठ्या बैठकींच्या वेळा मुलाने सकाळी तेथे लिहाव्यात. दार केव्हा उघडेल हे ठाऊक असले, की वाट पाहणे सुसह्य होते. चहाची एक वेळ पक्की करा. दुपारी चार असेल तर चार. त्या पंधरा मिनिटांत औषधांची उजळणी नको आणि कार्यालयाच्या तक्रारीही नकोत. ‘आज तुमच्याकडे काय झाले?’ हा प्रश्न आपणही मुलाला विचारा. त्याच्या कामाचे तपशील समजले नाहीत, तरी माणसे समजतात. तापट वरिष्ठ, मदतीला धावणारी सहकारी, नवा शिकाऊ मुलगा, ही पात्रे आपल्या नोकरीतही होतीच.

आणखी एक नाजूक बाब. कॅमेरा चालू असताना आपण अर्धवट कपड्यांत मागून गेलो किंवा आपल्या पोटाच्या तक्रारी सर्वांनी ऐकल्या, तर संकोच आपल्यालाच होतो. मुलाने आपली बसण्याची जागा भिंतीकडे पाठ करून निवडावी. आपल्या औषधोपचाराविषयीचे बोलणे दार लावून आणि बैठक संपवून करावे, असे आपण हक्काने सांगा.

जिथे लवचीक वेळ अपुरी पडते

काही परिस्थितींत घरून काम आणि शुश्रूषा एकाच वेळी एका व्यक्तीकडून होणे शक्य नसते, हे मान्य करण्यात कमीपणा नाही. रुग्ण अंथरुणाला खिळलेला असेल, स्मृतिभ्रंशामुळे घराबाहेर निघून जात असेल किंवा नुकतेच खुब्याचे हाड मोडले असेल, तर कामाच्या तासांत दुसरी व्यक्ती हवीच. परवडेल त्यानुसार काही तासांची मदतनीस, ब्यूरोकडील आया किंवा जवळ असल्यास ज्येष्ठांचे दिवसाचे संगोपन केंद्र, यांचा विचार करावा.

येथे घरातील पुरुषांना एक स्पष्ट सूचना करावीशी वाटते. नवरा-बायको दोघेही घरून काम करत असताना घंटी वाजली, तर उठते कोण? बहुतेक घरांत याचे उत्तर न विचारताच ठरलेले असते. सून घरी आहे, म्हणून सासूबाईंचे सारे तिच्याकडे, ही वाटणी तिच्या नोकरीवर आणि पुढे तिच्या प्रकृतीवर उठते. दिवसाचे तास दोघांनी कागदावर वाटून घ्यावेत.

परगावी किंवा परदेशी असलेल्या भावंडांनाही या व्यवस्थेत स्थान आहे. दूर राहून एकत्र काम कसे करावे, हे त्यांच्या नोकरीने त्यांना शिकवलेलेच असते. तेच शिस्तीने घरासाठी वापरावे. तपासण्यांचे अहवाल एकत्र जतन करणे, औषधे मागवणे, विम्याची कागदपत्रे, वीजबिल, डॉक्टरांची वेळ घेणे, ही कामे न्यू जर्सीतूनही होतात. रविवारी अर्धा तास सर्व भावंडांनी बोलावे. आठवड्यात काय घडले आणि पुढे कोण काय करणार, एवढेच विषय असावेत. रोजची नोंद एका वहीत किंवा सामायिक व्हॉट्सॲप गटात असावी, म्हणजे आईजवळ असलेल्या मुलीला तीच हकिगत चार वेळा सांगावी लागत नाही. दूरच्या भावंडाने आईला रोज ठरलेल्या वेळी फोन केला, तर तेवढा वेळ जवळच्या बहिणीला निवांत मिळतो. सल्ले देण्यापेक्षा ही मदत मोठी असते.

मन फारच थकले, झोप उडाली, चिडचिड अनावर झाली, तर १४४१६ या टेलिमानस सेवेवर विनामूल्य बोलता येते. ती चोवीस तास चालू असते. ज्येष्ठांसाठी १४५६७ ही राष्ट्रीय मदतवाहिनी आहे. निवारा, कायदेशीर प्रश्न, छळ किंवा नुसतेच बोलण्याची गरज, यांपैकी कशासाठीही तेथे फोन करता येतो.

दोन वेळांपासून प्रारंभ

या साऱ्या सूचना एकदम अमलात आणण्याची गरज नाही. येत्या रविवारी घरातील सर्वांनी एकत्र बसून केवळ दोन वेळा ठरवाव्यात. एक अशी, जेव्हा आतले दार काहीही झाले तरी उघडे असेल. आणि दुसरी अशी, जेव्हा ते तातडीच्या कारणाशिवाय ठोठावले जाणार नाही. पहिल्या वेळेत फोन बाजूला राहील आणि दुसऱ्या वेळेत मनातील अपराधी भावना. महिनाभर या दोन वेळा पाळून पाहा. त्या जुळल्या, की पाटी, घंटी, कार्यालयाला लिहायचे पत्र आणि भावंडांचा रविवार हे पुढचे टप्पे आपोआप सुचत जातील.

आयुष्याच्या उत्तरार्धात आईवडिलांना मुलांचा अख्खा दिवस नको असतो. त्यातला आपला वाटा कोणता, हे त्यांना ठाऊक असावे आणि तो वाटा कोणी उगाच कमी करू नये, एवढेच त्यांचे मागणे असते. घरून काम करण्याच्या सोयीने हा वाटा देणे आज अनेकांना शक्य झाले आहे. तो वेळ ठरवून, सांगून आणि मनापासून द्यावा.